एकट्याचा गायनवृंद

"तुम्ही नुसतं तोंड हलवा," एवढंच मास्तर म्हणाले. यात रागावण्यासारखं काही नाही, असं त्यांचं अगदी प्रामाणिक मत होतं. तीस माणसांच्या गायनवृंदात एकाने नुसतं तोंड हलवलं तर समोर बसलेल्यांना पत्ताही लागत नाही. पण तो एक जण खर्जराव असेल आणि त्याने तोंडाबरोबर आवाजही सोडला, तर रस्त्याने जाणाऱ्यांनासुद्धा पत्ता लागतो.

खर्जराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांचा तो जाडाभरडा, तळघरातून आल्यासारखा आवाज ऐकून वृंदातल्याच कोणीतरी ते ठेवलं होतं. ठेवणाऱ्याने चेष्टेने ठेवलं, खर्जरावांनी ते पदवीसारखं मिरवलं. नोंदणी कचेरीत हेडक्लार्कच्या खुर्चीवर बसून जन्मभर लोकांना "उद्या या" सांगणाऱ्या माणसाला कोण आपणहून पदवी देतो?

नव्या वाचनालयाचं उद्घाटन तोंडावर आलं होतं आणि त्यासाठी मास्तरांनी खास समूहगीत बसवलं होतं: 'उघडा खिडक्या, उघडा दारे, आत येऊ द्या नवे वारे.' आपण पहिल्या रांगेत उभे राहून हे गाणार, असं खर्जरावांनी सगळ्या नातेवाइकांना, सगळ्या कचेरीला आणि रांगेत उभ्या असलेल्या चार अनोळखी लोकांनाही सांगून टाकलं होतं. आणि आता म्हणे तोंड हलवा!

"मास्तर, मी गाणार," खर्जराव म्हणाले. "आणि मोठ्याने गाणार."

"मग बाकीचा वृंद कोणाला ऐकू येणार?"

"बाकीच्या वृंदाची गरजच काय? मी एकटा आठ जणांचा वृंद उभा करून दाखवतो!"

रागाच्या भरात माणसं असं काहीबाही बोलतात आणि घरी जाऊन जेवून झोपतात. खर्जरावांनी मात्र तिथल्या तिथे पैज लावली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी मास्तरांनी घरी यावं आणि आठ आवाजांतलं गाणं ऐकावं. आठही आवाज खर्जरावांचेच. पसंत पडलं तर उद्घाटनाला पहिली रांग, मधली जागा आणि पूर्ण आवाज. नाही पडलं तर जन्मभर नुसतं तोंड. मास्तरांनी ताबडतोब होकार दिला. (त्यांना 'जन्मभर' हा शब्द फार आवडला.)

कचेरीतला टायपिस्ट पूर्वी एका वाद्यवृंदात गिटार वाजवायचा. तो वाद्यवृंद भांडून फुटला तेव्हा वाटणीत याच्या पदरात आठ ट्रॅकचा रेकॉर्डिंग मिक्सर पडला होता. तो त्याने खर्जरावांना आनंदाने वापरायला दिला. इतक्या आनंदाने, की "परत कधी आणून देऊ?" असं विचारल्यावर तो घाईघाईने "घाई नाही" म्हणाला.

"आपल्याकडे मिक्सर आहे की," दारातच बायको म्हणाली.

"तो वेगळा. यात आपण आठ वेळा गायचं. आधी एक आवाज भरायचा. मग तो कानात ऐकत दुसरा. मग ते दोन्ही ऐकत तिसरा. शेवटी सगळे एकत्र केले की वृंद तयार!"

"म्हणजे तेच गाणं तुम्ही आठ वेळा गाणार?"

"चुकलो नाही तर."

 बायकोने घरातल्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या.

स्टुडिओ म्हणून खर्जरावांनी झोपायच्या खोलीतलं कपाट निवडलं. बाहेरचा आवाज आत यायला नको म्हणून (आणि शेजाऱ्यांच्या मते आतला बाहेर यायला नको म्हणून) कपाटाच्या दारांना घोंगड्या टांगल्या. आत लोंबणाऱ्या कोटांच्या मधोमध माईक, कानांवर हेडफोन आणि नाकात डांबरगोळ्यांचा वास, अशा थाटात कामाला सुरुवात झाली.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. खर्जरावांनी चार आवाज भरले आणि ऐकून पाहिले, तर चौघांचं एकमेकांशी भांडण असावं तसे ते चार दिशांना चालले होते. दुसरा पहिल्याच्या खाली उतरलेला, तिसरा दुसऱ्याच्या खाली आणि चौथा तर गाणं सोडून गेल्यासारखाच. त्यांनी टायपिस्टला फोन लावला.

"साहेब, आधी पहिल्या ट्रॅकवर सुरात गाणाऱ्या कोणाकडून तरी गाणं म्हणून घ्या," टायपिस्ट म्हणाला. "त्याचं बोट धरून बाकीचे ट्रॅक तुम्ही गा. आम्ही त्याला गाइड म्हणतो. शेवटी मिक्स करताना गाइडची, आवाज कमी-जास्त करायची दांडी पार खाली ठेवायची. कोणाला कळतही नाही की तो होता."

"सुरात गाणारा आता कुठून पैदा करू?"

हे ते फोनवर ओरडून विचारत होते आणि शेजारच्या पलंगावर टॉवेलांच्या घड्या घालता घालता त्यांची बायको तेच गाणं गुणगुणत होती. घरात तीन महिने दुसरं काही ऐकू आलं नव्हतं, त्यामुळे तिला ते पाठ झालं होतं. फरक एवढाच, की तिला ते चालीसकट पाठ झालं होतं. खर्जरावांनी तिला हाताला धरून कपाटात उभं केलं. ती एकदा गायली, हेडफोन काढला आणि म्हणाली, "झालं? मग मी जाते, टॉवेल राहिलेत."

"कामचलाऊ आहे," खर्जराव म्हणाले. "नाहीतरी शेवटी काढूनच टाकायचं आहे."

बायकोने यावर टॉवेल जरा जोरात झटकला. तेवढंच.

आता गाइडने एक ट्रॅक खाल्ल्यामुळे खर्जरावांना उरले सातच. पण मास्तर थोडेच मोजत बसणार आहेत, असं म्हणून त्यांनी दोन नंबरपासून आठ नंबरपर्यंत सात आवाज भरले. आठ नंबरला तर त्यांनी कमाल केली. वृंदात बायकांची जी वरची पट्टी असते ती त्यांनी स्वतःच, पायांच्या चवड्यांवर उभं राहून, डोळे मिटून, कोवळा आवाज काढून गायली. गाऊन झाल्यावर कपाटातून बाहेर येऊन म्हणाले, "डोळ्यांत पाणी आलं." लेकीने "माझ्याही" असं म्हटलं. ती कॉलेजात जात असल्यामुळे तिच्या बोलण्याचा अर्थ लावत बसायचं नाही, असं खर्जरावांनी पूर्वीच ठरवलेलं होतं.

अडचण एवढीच, की ध्रुवपद आणि कडवं यांच्यामधल्या शांत जागांत नको ते भरलं गेलं होतं. चार नंबरवर डांबरगोळ्यांमुळे आलेली सणसणीत शिंक होती. सहा नंबरवर बायकोचं "अहो, दूध उतू गेलं!" होतं. सात नंबरवर पहिलं कडवं संपल्यावर खर्जराव स्वतःच स्वतःला "वा!" म्हणाले होते.

"ते तीन ट्रॅक परत गा की," टायपिस्ट म्हणाला.

"एकदा गायलेलं मी परत गात नाही," खर्जराव ताठ मानेने म्हणाले. मास्तरांसमोर झुकायचं नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप, आणि आता शिंकेपुढे झुकायचं?

"मग मिक्स करताना बरोबर त्या जागी त्या ट्रॅकची दांडी खाली ओढा आणि लगेच वर करा. पण साहेब, आठ दांड्या आणि हात दोन. माणसं लागतील."

माणसं घरात होतीच. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर मिक्सर मांडून खर्जरावांनी कुटुंबाची कामं वाटून दिली. दोन आणि तीन नंबर बायकोकडे. चार आणि पाच लेकीकडे, शिंकेच्या जबाबदारीसह. सहा, सात, आठ स्वतःकडे. उरला एक नंबर, म्हणजे गाइड. तो त्यांनी मुक्कामाला आलेल्या सासूबाईंना दिला.

"तुमचं काम सगळ्यांत सोपं, आई. ही दांडी अगदी तळाला आहे. तिच्यावर बोट ठेवून बसा. काही करायचं नाही."

"मग बोट तरी कशाला ठेवायचं?" सासूबाईंनी विचारलं.

"दांडी सैल आहे. आपोआप वर सरकते."

"हिच्यात कोणाचा आवाज आहे?"

"तो गाइड आहे हो. तुमच्या मुलीचाच. पण तो धरायचा नाही."

सासूबाईंनी एकदा दांडीकडे आणि एकदा जावयाकडे पाहिलं. नोंदणी कचेरीच्या खिडकीपुढे उभी राहिलेली माणसं खर्जरावांकडे पाहायची, तसंच काहीसं ते पाहणं होतं. पण खर्जरावांचं लक्ष घड्याळाकडे होतं.

पहिला प्रयत्न भांडणात गेला. सुरुवात होते न होते तोच बायको म्हणाली, "माझा तीन नंबर ऐकू येत नाहीये," आणि तिने दांडी वर केली. त्याबरोबर लेकीने "मग माझा पाच नंबर दबतो ना!" म्हणून पाच नंबर वर केला.

"अगं, तीन नंबर मीच आहे आणि पाच नंबरही मीच आहे!" खर्जराव ओरडले.

"असाल. पण तीन नंबर जास्त मन लावून गातो," बायको म्हणाली. "पाच नंबर नुसता उरकतोय."

"आई, तुझा तीन नंबर शब्द खातो!"

"आणि तुझा शिंकतो!"

"तो चार नंबर! अय्या, चार नंबर राहिलाच!"

तेवढ्यात स्पीकरमधून शिंक आली, अशी की मिक्सरवरचे सगळे दिवे लाल झाले. पाठोपाठ "दूध उतू गेलं!" आलं आणि सासूबाई सवयीने उठून स्वयंपाकघराकडे धावल्या. खर्जरावांनी मशीन थांबवलं. मायलेकी दोन आवाजांच्या बाजूने हमरीतुमरीवर आल्या होत्या आणि दोन्ही आवाज एकाच माणसाचे होते. आपल्यासाठी घर इतक्या पोटतिडकीने भांडताना त्यांनी संसारात प्रथमच पाहिलं. त्यांना मनातून बरं वाटलं.

दुसऱ्या वेळी मात्र त्यांनी दम भरला, "कोणीही आपापल्या नंबरची बाजू घ्यायची नाही!" आणि मशीन पुन्हा चालू केलं. या वेळी लेकीने शिंक बरोबर पकडली. दूध उतू गेलं ते गुपचूप. "वा!" पुसता पुसता राहिला, पण तो गाण्याचाच भाग वाटला. आणि दुसऱ्या कडव्यापासून काय झालं कोण जाणे, त्या सगळ्या घरघरीतून एक आवाज वर आला. स्वच्छ, गोड, आणि बाकीच्या सातांना हाताला धरून सुरात ओढणारा. खर्जरावांच्या अंगावर सर्रकन काटा आला. आठ नंबर! आपला कोवळा आवाज! एवढा सुंदर लागला होता हे आपल्यालाही कळलं नव्हतं. भरल्या डोळ्यांनी त्यांनी आठ नंबरची दांडी आणखी वर केली. सासूबाईंचं बोट कुठे आहे, हे पाहायला त्या घडीला कोणाला सवड होती?

गाणं संपलं आणि दाराची घंटा वाजली. मास्तर आले होते.

मास्तरांनी चहा नाकारला. (पराभूत माणसाच्या घरचा चहा पिऊ नये, असं त्यांचं तत्त्व असावं.) खुर्चीत बसून त्यांनी डोळे मिटले आणि खर्जरावांनी मघाशी मिक्स करून भरलेलं गाणं लावलं. पहिल्या कडव्याला मास्तरांचा चेहरा दात काढून घ्यायला बसलेल्या माणसासारखा होता. दुसऱ्या कडव्याला त्यांनी डोळे उघडले. तिसऱ्याला ते पुढे सरकून बसले आणि त्यांचा उजवा हात आपोआप ताल धरू लागला.

"परत लावा," ते म्हणाले. पुन्हा ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हा वरचा आवाज कोणाचा?"

"माझाच!" खर्जराव उभे राहिले. "आठही माझेच आहेत. ठरल्याप्रमाणे."

"तुमचा?"

"कोवळा काढलाय."

"गाऊन दाखवा."

दुसरा कोणी असता तर इथे घसा बसल्याचं निमित्त काढून सुटला असता. पण खर्जराव माघार घेणाऱ्यांतले नव्हते. ते चवड्यांवर उभे राहिले, डोळे मिटले आणि त्यांनी 'उघडा खिडक्या' असा काही कोवळा सूर लावला, की समोरच्या घरातून धाडकन खिडकी बंद झाल्याचा आवाज आला. दुसऱ्या ओळीला ते नेहमीप्रमाणे घसरले आणि स्वयंपाकघरात कपबश्या विसळत असलेल्या बायकोने नेहमीप्रमाणे, काही विचार न करता, ती ओळ बरोबर म्हणून त्यांना सावरलं.

मास्तर ताडकन उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. "वहिनी, हा आवाज तुमचा?"

"त्या गाइड होत्या हो," खर्जराव मागून म्हणाले. "तो आवाज मी खाली ठेवला होता!"

"ठेवला होतात तुम्ही. पण मी वर केला!" खुर्चीतून सासूबाईंचा आवाज आला. "सगळ्यांना वर-खाली करायला दांड्या दिल्यात, आणि मला सांगितलंत बोट ठेवून बसा, ती वर येता कामा नये. माझीच मुलगी, आणि मीच तिला दाबून धरू? जावईबापू, तुमच्या घरी दोन घास खाते म्हणून हेही ऐकणार नाही मी!"

 खर्जरावांचे कान गरम झाले. आठ नंबर गेला याचं त्यांना वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं. मघाशी त्या आवाजाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि इतकी वर्षं तोच आवाज घरात टॉवेलांच्या घड्या घालत होता, तेव्हा त्यांना कधी आलं नव्हतं. हे तोंडाने कबूल करणं मात्र त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं.

"कामचलाऊ म्हणालो होतो, ते जरा कमी पडलं," ते पुटपुटले. त्यांच्या मानाने ही साष्टांग माफीच होती.

मास्तरांनी खर्जरावांच्या बायकोला तिथल्या तिथे वृंदात यायचं आमंत्रण दिलं. पहिली रांग, मधली जागा.

"येईन," हात पुसत बायको म्हणाली. "पण तालमीच्या दिवशी संध्याकाळचा स्वयंपाक हे करतील. आणि माझं गाणं चालू असताना कोणी मधे हाका मारायच्या नाहीत. दूध उतू गेलं तरीसुद्धा."

"आणि तुम्ही," मास्तर खर्जरावांकडे वळले, "ठरल्याप्रमाणे नुसतं तोंड."

"तोंडसुद्धा हलवणार नाही!" खर्जराव गरजले. "तुमच्या वृंदाला माझं तोंड मिळायची लायकी नाही! मी रेकॉर्डिंग करणार. मशीन माझं आहे." (मशीन टायपिस्टचं होतं, पण तो ते परत घेईल अशी काही चिन्हं नव्हती.)

वाचनालयाला ते गाणं रोज सकाळी दारं उघडताना लावायचं होतं, तेव्हा रेकॉर्डिंग कोणीतरी करायला हवंच होतं. मास्तरांनी जरा विचार करून होकार दिला. मशीनच्या मागे बसलेला खर्जराव हा त्यांना सगळ्यांत कमी धोक्याचा वाटला.

रेकॉर्डिंग फक्कड झालं. तीस माणसं सात ट्रॅकवर नीट मावली. बायको तर अशी गायली की मास्तरांनी तालमीत पहिल्यांदाच कोणाला रागावण्याऐवजी मान डोलावली. खर्जरावांनी सगळं काळजीपूर्वक भरलं, मशीन उचलून घरी आणलं आणि मिक्स करायला बसले. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आठ नंबर रिकामा आहे.

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. घरी कोणी नव्हतं. ते कपाटात शिरले, घोंगडी ओढून घेतली आणि सगळ्या वृंदाच्या खालोखाल, छाती फुगवून, अख्खं गाणं आपल्या खऱ्या, खर्जातल्या आवाजात गाऊन टाकलं. कोवळंबिवळं काही नाही. मग आठ नंबरची दांडी त्यांनी निम्म्यावर ठेवली, मग म्हटलं भितो काय, आणि आणखी वर केली. आता कोणीही यावं आणि या गाण्यातून खर्जरावांना बाहेर काढून दाखवावं!

उद्घाटन थाटात झालं. वृंद गायला, टाळ्या पडल्या, पहिल्या रांगेत मधोमध बायको उभी होती आणि मशीनमागे बसलेले खर्जराव कोणाचंही लक्ष नाही असं पाहून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयाची दारं उघडली आणि नव्याकोऱ्या स्पीकरमधून गाणं सुरू झालं. नवराबायको मुद्दाम ऐकायला आली होती. मास्तरही होते.

"सुरेख!" मास्तर म्हणाले. "साफ रेकॉर्डिंग केलंत तुम्ही, कबूल करतो. फक्त खाली कसली तरी घरघर येतेय. स्पीकरमध्ये बिघाड असणार."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे पाहिलं.

इलेक्ट्रिशियनला बोलावणं गेलं. त्याने एक स्पीकर बदलला, मग दुसरा बदलला. गाणं लावलं, घरघर तशीच. त्याने वायर बदलली, प्लग बदलले, भिंतीतला बोर्ड उघडून आत फुंकर मारली. गाणं लावलं, घरघर उलट जास्तच स्पष्ट आली. तो शिडी घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरू लागला.

"सांगून टाका ना त्या बिचाऱ्याला," बायको कुजबुजली.

"का म्हणून?" खर्जरावांची छाती भरून आली होती. "तोंड हलवा म्हणाले होते ना? आता हलवून दाखवा म्हणावं मला! दोन स्पीकर बदलले, वायर बदलली, पण आवाज गेला का?"

शेवटी इलेक्ट्रिशियन घामाघूम होऊन शिडीवरून खाली उतरला. हातातला स्क्रू ड्रायव्हर खिशात घालत तो मास्तरांना म्हणाला, "साहेब, करण्यासारखं सगळं करून झालं. हे दुरुस्त व्हायचं नाही. सवय करून घ्यावी लागेल."

"होते हो सवय," मास्तरांना धीर देत बायको म्हणाली. "पहिली दहा-बारा वर्षं जरा जड जातात."